मालक गावाला गेल्यावरचं कुत्रं वेगळं असतं

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, वय २४. घरी लहानपणापासून कुत्री-मांजरं होती. ओळखीतून ओळख निघून वासणा रोडच्या एका कुटुंबानं विचारलंय. धनतेरस ते लाभपाचम, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत, ते बाहेरगावी जाणार, घरी पाच वर्षांचा लॅब्राडोर आणि एक पर्शियन बोका. दिवसातून तीनदा जायचं, चावी माझ्याकडे. मला हे करायचंय, पण आई म्हणते, अनोळखी घर, अनोळखी जनावर, काही झालं तर? तुम्ही इतकी वर्षं करताय. काय काय सांभाळू?"

आईची काळजी रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. मी २०१३ पासून बडोद्यात हेच काम करते. कारेलीबागेतले बंगले, मांजलपूरचे फ्लॅट, आपल्या दांडिया बाजारातले जुने वाडे, सगळीकडे चाव्या घेऊन फिरले आहे. इतक्या वर्षांत जे जे बिनसलं त्याच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: मालक घरात असताना जे बघायला, विचारायला, लिहून घ्यायला हवं होतं ते राहून गेलं होतं. चावी हातात पडल्यावर फार थोडं सुधारता येतं. म्हणून धनतेरसच्या निदान आठ दिवस आधी त्या घरी दोनदा जाऊन ये.

पहिल्या भेटीत मालक सोफ्यावर बसून सांगतील, "अमारो कंई नहीं करे." ते खोटं बोलत नसतात. त्यांच्यादेखत तो खरंच काही करत नाही. मालक स्वतः दार उघडतात, तुला आत घेतात, हसून बोलतात, तेव्हा कुत्र्याला कळतं की हिला घरात घेतलंय. तीच तू चार दिवसांनी रिकाम्या घराचं कुलूप उघडून एकटी आत आलीस की त्याच्या लेखी सगळं बदलतं. आता घराची राखण त्याच्यावर आहे.

गोत्रीत एका घरी भुरी नावाची देशी कुत्री होती. मालकांसमोर ती माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली होती. पहिल्या दिवशी एकटी गेले, चावी फिरवली, आतून काही आवाज नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याचं मला तितकं वाटत नाही, गप्प कुत्र्यापाशी मी थांबते. दार वीतभर उघडलं. ती पॅसेजच्या मधोमध उभी होती. तोंड मिटलेलं, अंगाचा भार पुढच्या पायांवर, शेपटी वर ताठ आणि फक्त तिचं टोक थरथरतंय. नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी आत पाऊल टाकलं नाही. तिच्याकडे बघणं सोडलं, तोंड चौकटीकडे केलं, खांदा तिच्याकडे ठेवला आणि तिची मालकीण ज्या सुरात हाक मारायची त्याच सुरात गुजरातीतून दोनदा हाक मारली. खिशात पनीरचे तुकडे होते. ते एकेक करून तिच्या मागच्या बाजूला टाकले, म्हणजे खायला तिला माझ्याकडे पाठ करावी लागली. चौथ्या तुकड्याला शेपटी खाली आली, जबडा सैल पडला, जीभ दिसली. मग मी आत गेले. या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. मी घाईनं आत शिरले असते तर तिच्यापुढे चावण्यावाचून दुसरा मार्ग उरला नसता.

तेव्हापासून मी दुसऱ्या भेटीत रंगीत तालीम करते. मालकांना म्हणायचं, तुम्ही सगळे अर्धा तास खाली जाऊन बसा, मी बाहेरून चावीनं उघडून आत येते. लॅब्राडोर कसा वागतो ते तुला त्या अर्ध्या तासात कळेल, आणि काही वेगळं दिसलं तर मालक दोन मिनिटांत वर येऊ शकतात. ज्यांना एवढा अर्धा तास द्यायचा नसतो त्यांचं काम मी घेत नाही.

लॅब्राडोर चावत नाही असं सगळे धरून चालतात. साधारणपणे तो मायाळूच असतो, पण खाण्याच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास टाकू नकोस. तो खात असताना भांड्याला हात लावायचा नाही, तोंडात काही घेऊन बसला असेल तर ओढायचं नाही, त्याहून आवडीचं काहीतरी देऊन अदलाबदल करायची. ओठ चाटत राहणं, झोप आलेली नसताना जांभया, मान फिरवून डोळ्यांची पांढरी कड दाखवणं, अंग एकदम थिजणं, ही सगळी "थांब" म्हणण्याची रीत आहे. गुरगुरला तर कधी ओरडू नकोस. गुरगुरण्याची शिक्षा झालेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

पनीरवरून आठवलं. आपल्याकडे कित्येक घरं शाकाहारी आहेत, काही जैन आहेत. कुत्र्याला खूश करायला म्हणून उकडलेलं अंडं किंवा चिकन त्या घरात न्यायचं नाही, मग कुत्रं कितीही आशेनं बघो. ज्या भांड्यात सांगितलंय त्याच भांड्यात द्यायचं. लोक अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत, फक्त पुन्हा बोलावत नाहीत.

तू जाणार त्या घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, त्यामुळे औषधांचं नीट विचार. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला ते विष आहे. बाटलीतलं चुकून मांजराला लावलं, किंवा नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला बोका बिलगून झोपला, त्याचं अंग चाटलं, तरी थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत जाऊ शकतं. गावाला जायच्या घाईत मालक आदल्या दिवशी कुत्र्याला औषध लावून मोकळे होतात. तेव्हा काय लावलंय, कधी लावलंय, हे विचारायचं आणि डब्याचा फोटो काढून ठेवायचा. दुसरं, ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी आहे. फोनवर कुणीही सांगितलं, अगदी मालकांनी सांगितलं, तरी पशुवैद्याशी स्वतः बोलल्याशिवाय औषध द्यायचं नाही.

दिवाळीचा फराळ उंचावर ठेवला आहे का ते बघ. चिवड्यात मनुका असतात, आणि द्राक्षं-मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. किती खाल्ल्या म्हणजे धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून थोड्याच होत्या असं म्हणून सोडायचं नाही. चॉकलेटचे बॉक्स या दिवसांत घरोघरी येतात, तेही तसेच. कांदा-लसणाची भाजी नाही, बिनसाखरेचं च्युइंगगम नाही.

बोक्याकडे लोकांचं लक्ष कमी असतं, कारण तो पलंगाखाली बसून असतो. त्याच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये रोज लघवीचे किती ओले गोळे झाले ते मोजून लिही. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि खाली काहीच नाही, असं दिसलं तर त्याची लघवी अडकलेली असू शकते. बघणाऱ्याला बद्धकोष्ठ वाटतं आणि उद्या बघू म्हणून सोडून देतात. हे उद्यावर जाणारं काम नाही, एक-दोन दिवसांत तो जातो. रात्र असली तरी त्याच तासाला डॉक्टरकडे. आणि त्याला रोज एकदा तरी डोळ्यांनी बघायचंच, वाडगं रिकामं झालंय म्हणजे बोक्यानं खाल्लंय असं धरायचं नाही. लॅब्राडोर आहे घरात.

आता दाराची गोष्ट, आणि ती माझ्या चुकीची आहे. २०१६ च्या दिवाळीत मी एका कुत्र्याला संध्याकाळी साडेसातला फिरवायला काढलं. मला उशीर झाला होता, आदल्या घरी वेळ गेला होता. सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. कुत्रं मागे सरकलं, डोकं खाली घातलं आणि पट्टा कानांवरून निघून माझ्या हातात राहिला. साडेतीन तास शोधलं. एका बंद दुकानाच्या पायऱ्यांखाली सापडलं, पंजे रक्ताळलेले. मालकांना मी ते सापडायच्या आधीच फोन केला होता. तो फोन करताना हात कापत होते, पण लपवलं असतं तर पुढचं सगळं खोट्यावर उभं राहिलं असतं. तेव्हापासून दोन दोऱ्या: एक गळ्यातल्या पट्ट्याला, एक अंगातल्या हार्नेसला, दोन्हींची टोकं मनगटात अडकवलेली. पट्ट्याखाली दोन बोटं जातील, तीन जाणार नाहीत, इतका घट्ट. दिवाळीच्या दिवसांत बाहेर फिरवायची शेवटची फेरी उन्हं असतानाच, साडेपाचच्या आत. रात्रीच्या फेरीला बाहेर काढायचं नाही, शी-शूची सोय गच्चीवर किंवा बाल्कनीत करायची, आणि हे मालकांशी आधीच बोलून ठेवायचं. घरात शिरताना एक दार पूर्ण बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेर पडताना दोन्ही जनावरं कुठे आहेत ते बघून मग कुलूप.

फिरवताना कुत्रं कुणाला चावलं तर ते मालकाचं प्रकरण, असा समज आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघ. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्यानं पुरेशी खबरदारी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोरी तुझ्या हातात असते तेव्हा ताबा तुझा असतो. म्हणून पूर्वी कधी कुणाला चावला आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं.

लिहून घ्यायचं म्हणजे मोठा करारनामा लागत नाही. एका कागदावर दोन्ही जनावरांची नावं, वयं, खाणं, औषधं, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन, रात्री कोण बघतं, मालक फोनवर सापडले नाहीत तर निर्णय कुणी घ्यायचा, आणि न विचारता उपचारावर किती खर्च करायची मुभा आहे. तो आकडा लिहिलेला असायलाच हवा. रात्री दीड वाजता डॉक्टर सलाईन लावायचं म्हणतात आणि मालक विमानात असतात, तेव्हा तोंडी "जे लागेल ते करा" कामाला येत नाही. खाली दोघांच्या सह्या. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो. अर्धे पैसे आगाऊ. १९६२ नंबरवरची करुणा ॲम्ब्युलन्स रस्त्यावरच्या बेवारशी जनावरांसाठी आहे, पाळीव जनावरासाठी तिच्या भरवशावर राहू नकोस. स्वतःची गाडी किंवा ओळखीचा रिक्षावाला ठरवून ठेव. मोठं काही निघालं तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय साधारण ४० किलोमीटरवर आहे, तिथे कसं न्यायचं तेही आधीच विचारून ठेव.

चावीला नाव-पत्ता लावायचा नाही, फक्त आकडा. कोणता आकडा कुणाचा, हे घरच्या वहीत. चावी वॉचमनकडे ठेवायची नाही, मालकांशिवाय कुणाकडून घ्यायची नाही. आणि आणखी कुणाकुणाकडे चावी आहे, हा प्रश्न विसरू नकोस. मी एकदा दुपारी तीनला बाथरूममधून पाणी भरून बाहेर आले तर हॉलमध्ये एक अनोळखी माणूस उभा होता. मालकांचा भाचा निघाला, साधा मुलगा, तोही तितकाच घाबरला. पण तो मिनिट मला अजून आठवतो. कॅमेरे कुठे कुठे आहेत तेही विचार. असतील तर चांगलंच, तुझ्या कामाचा पुरावा राहतो, फक्त तुला माहीत असलं पाहिजे. पहिल्या फेरीत सगळ्या खोल्यांचा छोटा व्हिडिओ काढून मालकांना पाठव, म्हणजे फुटलेला पेला आधीचा की नंतरचा हा प्रश्न उरत नाही. जनावरांचे फोटो मात्र फक्त मालकांना. घर आठवडाभर बंद आहे हे स्टेटसवर टाकून गावभर कळवायचं नाही.

तुझ्या स्वतःच्या सुरक्षेचं आता, कारण आईचा खरा प्रश्न तोच आहे. पहिली भेट दिवसा, आणि एकटीनं नाही. पहिल्या भेटीला आईलाच घेऊन जा. मीही सुरुवातीची दोन वर्षं माझ्या सासूबाईंना नेत असे, आणि कुणीही त्याचं वाईट मानलं नाही. जे मानतील त्यांच्या घरी जायचंच नाही. नव्या माणसाचा फोन आला की मी आधी लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मागते. एकानं मला रात्री साडेनऊला "कुत्रा बघायला" बोलावलं होतं, कार्ड मागितलं तर तीन वेळा विषय बदलला. ज्याच्याकडे कुत्रं नसतं त्याच्याकडे कार्डही नसतं. मी गेले नाही. फेरीला जाताना घरच्यांना लोकेशन चालू ठेव, आत गेल्यावर एक आणि बाहेर पडल्यावर एक मेसेज. अर्ध्या तासात दुसरा मेसेज आला नाही तर आईनं फोन करायचा, हे ठरवून ठेव. महिलांसाठीची १८१ अभयम हेल्पलाईन फोनमध्ये साठवून ठेव. घरात मालकांचा कुणी नातलग मुक्कामाला आहे असं आयत्या वेळी कळलं, तर दारातूनच मालकांना फोन लावायचा. मन खात असेल तर परत फिर. जनावराच्या जेवणाची दुसरी सोय मालक करू शकतात.

रेबीजची लस आधीच टोचून घे. हे काम नियमित करणार असशील तर डॉक्टरांशी बोलून आधीचा कोर्स पूर्ण कर: पहिला दिवस शून्य धरून ०, ७ आणि २१ किंवा २८. मग पुढे चावलं-ओरबाडलं तर ० आणि ३ या दिवशी दोनच डोस लागतात, जखमेत टोचतात ते सीरम लागत नाही. कोर्स झालेला नसताना चावलं तर डॉक्टर पूर्ण लस देतील, जखमेतून रक्त आलं असेल तर सीरमही. दोन्ही बाबतीत पहिलं काम एकच: नळाच्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा, अंदाजानं नाही. हळद, मिरची, चुना काही नाही, पट्टी बांधून दाबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. कुत्र्याचं कार्ड पूर्ण आहे म्हणून लस टाळायची नाही, त्याच्यावर दहा दिवस लक्षही ठेवायचं. मांजराचा चावा टिंबाएवढा दिसतो म्हणून फसू नकोस. दात बारीक आणि खोल जातात, दुसऱ्या दिवशी हात सुजतो.

आणखी एक, जे फार कमी लोक करतात. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना चपला बदलायच्या. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलनं जात नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, या मिश्रणानं जातो. एखाद्या घरी लहान पिल्लू असेल तर दिवसाची पहिली फेरी तिथली.

दिवाळीचं काम नीट झालं की हीच माणसं उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, बोलावतील. तेव्हाचा धोका मांजाचा. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण झाल्यावरही आठवडाभर गच्चीवर, अंगणात दोरा पडलेला असतो. अकोट्यात एका मांजरीच्या तोंडातून बोटभर गुलाबी दोरा लोंबत होता, बाकीचा जिभेखाली अडकून पोटात गेला होता. घरचे ओढायलाच निघाले होते. असा दोरा कधी ओढायचा नाही, आतली आतडी कापली जातात. बाहेरचा भाग तसाच ठेवून डॉक्टरकडे. आणि पावसाळ्यात काम घेतलंस तर तळमजल्याच्या घरी आधीच विचार की पाणी भरलं तर जनावरं कुठे न्यायची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा ज्यांच्याशी हे बोलणं झालं होतं त्यांच्या मांजरी आदल्या संध्याकाळीच वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होत्या. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या रस्त्यानं कुत्र्याला फिरवायचंही नाही, मगरी वस्तीत येतात.

तुझ्या या कामात शेवटचा दिवस लाभपाचम धरलाय. तसं धरू नकोस. गाडी चुकते, फ्लाईट रद्द होते, एक दिवस वाढवावासा वाटतो आणि कळवायचं राहून जातं. माझा नियम असा की मालक घरात शिरून कुत्र्याबरोबरचा फोटो मला पाठवत नाहीत तोवर माझ्या फेऱ्या चालू. चावी त्याच्या दुसऱ्या दिवशी, हातात हातात.